आधी पाहावे, मग मोजावे

दोहा मेट्रोची हिरवी मार्गिका अल मन्सूरा स्थानकातून निघते आणि मुशैरिब, हमद हॉस्पिटल, कतार नॅशनल लायब्ररी, एज्युकेशन सिटी असे थांबे घेत पश्चिमेला अल रिफापर्यंत जाते. डिसेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली. अल मन्सूरा हा दोह्यातला दाट वस्तीचा भाग आहे. तिथून गाडीत बसलेल्या प्रवाशाच्या वाटेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींशी व्यवहार करणारी दोन ठिकाणे लागतात. हमद रुग्णालयात सीटी स्कॅन आणि एमआरआय यंत्रे माणसाच्या शरीराच्या आतली चित्रे काढतात. एज्युकेशन सिटीतल्या हमद बिन खलिफा विद्यापीठात मेंदूच्या पेशींची त्याहून कितीतरी सूक्ष्म चित्रे उलगडून पाहण्याच्या पद्धतींवर संशोधन होते. दोन्हीकडे आजची अडचण सारखीच आहे. चित्रे भरपूर निघतात, पण त्यांत काय आहे हे माणसाला कळण्याचा वेग चित्रे निघण्याच्या वेगाच्या फार मागे राहिला आहे. ही दरी बुजवण्यासाठी संशोधकांनी आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा, आधार घ्यायला सुरुवात केली आहे. खेळ आणि करमणुकीसाठी ओळखले जाणारे हे साधन प्रयोगशाळेत खरोखर उपयोगाचे आहे का, आणि असल्यास नेमके कुठे, हे नीट तपासण्यासारखे आहे. या साधनाची खरी किंमत एकाच टप्प्यावर आहे आणि तो टप्पा प्रश्न सुचण्याचा आहे, असे माझे मत आहे. उत्तर सिद्ध करण्याचे काम त्यानंतर मोजमापाचे. हा क्रम पाळला तर व्हीआर हे सूक्ष्मदर्शकासारखे गंभीर उपकरण ठरते. क्रम मोडला तर ते नुसते प्रदर्शन होते.

मुळात अडचण कशी निर्माण होते ते पाहू. सीटी स्कॅन असो, एमआरआय असो किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असो, यातले प्रत्येक यंत्र वस्तूचे काप दाखवते. एकावर एक रचलेल्या शेकडो किंवा हजारो करड्या चित्रांची ती चळत असते. डॉक्टर किंवा संशोधक पडद्यावर एकेक काप पुढे सरकवतो आणि मूळ आकार मनात जुळवतो. काप थोडे असतील आणि आकार ओळखीचा असेल तर हे जमते. पण आता आकडे फार वाढले आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील जेफ लिक्टमन यांचा गट आणि गुगल यांनी मानवी मेंदूच्या बाह्यकाचा साधारण एक घन मिलिमीटरचा तुकडा पाच हजारांहून अधिक कापांत टिपला. मे २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा त्या तुकड्यात सुमारे ५७ हजार पेशी आणि सुमारे १५ कोटी चेतासंधी आढळल्या आणि त्याचा डेटा भरला १.४ पेटाबाइट, म्हणजे सुमारे १४ लाख गिगाबाइट. एवढी चळत कुणी एकेक काप सरकवत पाहायला बसले तर आयुष्य पुरणार नाही. पाहिली तरी एका पेशीची फांदी शेकडो कापांमधून वाकत, दुभंगत, दुसऱ्या फांदीखालून कशी जाते हे मनात धरून ठेवणे अशक्यच आहे.

आपला मेंदू खोली ओळखायला शिकला आहे तो मुख्यतः दोन मार्गांनी. दोन डोळ्यांना थोडी वेगवेगळी चित्रे दिसतात, आणि आपण डोके हलवले की जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंपेक्षा जास्त सरकतात. सपाट पडद्यावर हे दोन्ही मार्ग बंद असतात. व्हीआरचा हेडसेट ते उघडतो. तो प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवतो आणि डोक्याची हालचाल टिपून त्या हालचालीनुसार चित्र बदलतो. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या एचटीसी व्हाइव्हसारख्या हेडसेटमध्ये हे चित्र सेकंदाला ९० वेळा नव्याने रेखाटले जाते. त्यात उशीर झाला की डोळे एक सांगतात आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरे, आणि मग मळमळू लागते. हेडसेट स्वस्त होण्यापूर्वी हेच काम खोलीभर पसरलेल्या यंत्रणेकडून करून घेतले जाई. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नैरा, डॅनियल सँडिन आणि थॉमस डीफँटी यांनी १९९२ मध्ये ‘केव्ह’ नावाची खोली जगापुढे आणली. तिच्या भिंतींवर आणि जमिनीवर चित्रे पडत आणि खास चष्मा लावलेला माणूस त्या चित्रांच्या मधोमध उभा राही. पुढे खनिज तेल आणि वायू शोधणाऱ्या कंपन्यांनी भूगर्भातल्या थरांचा डेटा पाहण्यासाठी अशा खोल्या उभारल्या. भूकंपीय लहरींनी टिपलेले जमिनीखालचे चित्रही शेवटी कापांची एक अवाढव्य चळतच असते.

या साधनाने विज्ञानात काय साधले याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण आखातातलेच आहे. सौदी अरेबियात तांबड्या समुद्राकाठी थुवाल येथे ‘काउस्ट’ हे विज्ञान-तंत्रज्ञानाचे विद्यापीठ आहे. तिथे पिएर माजिस्त्रेती यांच्या गटाने मेंदू ऊर्जा कशी वापरतो याचा अभ्यास केला आहे. चेतापेशींच्या शेजारी अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. मेंदूतली राखीव साखर ग्लायकोजेनच्या बारीक कणांच्या रूपात या पेशींमध्ये साठवलेली असते. गरज पडली की या पेशी साखरेपासून लॅक्टेट बनवून ते चेतापेशींना पुरवतात, असा विचार माजिस्त्रेती आणि ल्युक पेलेरँ यांनी १९९४ पासून मांडला आहे. मग हे कण पेशीत कुठेही विखुरलेले असतात, की त्यांची जागा ठरलेली असते? सपाट कापांवर ते नुसते काळे ठिपके दिसतात. कोराडो काली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतीच्या कापांमधून पेशींचे आकार वेगळे केले, त्यांची त्रिमितीय प्रतिकृती ब्लेंडर या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये बांधली आणि ती प्रतिकृती काउस्टच्या ‘केव्ह’मध्ये उभी केली. संशोधक पेशींच्या जंगलातून फिरू लागले तेव्हा कण सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत, ते ठिकठिकाणी गोळा झालेले आहेत, असे त्यांच्या लक्षात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या निरीक्षणासाठी ‘केव्ह’ निर्णायक ठरल्याचे त्यांनी स्वच्छ नोंदवले आहे.

या उदाहरणात मला महत्त्वाची वाटते ती यानंतरची पायरी. कण गोळा झालेले दिसतात, एवढ्यावर ते थांबले नाहीत. किती कण एकत्र आले म्हणजे समूह म्हणायचा आणि तो समूह शेजारच्या चेतासंधीपासून किती अंतरावर आहे, हे मोजण्याची साधने त्यांनी तयार केली. डोळ्यांनी संशय उभा केला आणि आकड्यांनी त्याची तपासणी केली. २०१८ मध्ये याच वाटेवरची ‘ग्लॅम’ ही पद्धत प्रसिद्ध झाली. ग्लायकोजेनच्या कणांमधून निघणारे लॅक्टेट शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावर कुठे जास्त पोचू शकेल याचा ती गणिती नकाशा काढते आणि तो नकाशा साध्या संगणकावर किंवा व्हीआरमध्ये पाहता येतो. या कामाचे प्रमुख लेखक मार्को आगुस पुढे दोह्यात हमद बिन खलिफा विद्यापीठात प्राध्यापक झाले. २०२० मध्ये काली, आगुस आणि सहकाऱ्यांनी आणखी एक साधन मांडले. त्यात संशोधक हेडसेट लावून चेतापेशीच्या फांद्यांचा मधला कणा, म्हणजे तिच्या आकाराचा सांगाडा, हातातल्या कंट्रोलरने तपासू आणि दुरुस्त करू शकतो. दुरुस्त झालेल्या सांगाड्यावरून फांदीची लांबी, जाडी, वळणे हे सारे आकड्यांत काढता येते. पाहणे आणि मोजणे यांची सांगड घालण्याची हीच रीत. ‘केव्ह’च्या खोलीत जे सुचले ते आता टेबलावर मावणाऱ्या उपकरणापर्यंत आले आहे.

एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, म्हणून नियंत्रित प्रयोग काय सांगतात तेही पाहायला हवे. कॉलिन वेअर आणि ग्लेन फ्रँक यांनी १९९६ मध्ये एक सुबक प्रयोग प्रसिद्ध केला. गुंतागुंतीच्या जाळ्यातले दोन बिंदू एकमेकांना जोडलेले आहेत का, हे लोकांनी ओळखायचे होते. दोन्ही डोळ्यांना वेगळे चित्र आणि डोक्याच्या हालचालीनुसार बदलणारा देखावा या दोन्ही सोयी एकत्र मिळाल्या तेव्हा लोकांना सपाट चित्रापेक्षा सुमारे तिप्पट मोठे जाळे तितक्याच अचूकपणे उलगडता आले. निव्वळ हालचालीचा फायदा निव्वळ दोन डोळ्यांच्या फायद्यापेक्षा मोठा निघाला, हाही त्यातला शिकण्यासारखा भाग. २००८ मध्ये प्रभात आणि सहकाऱ्यांनी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने टिपलेली जैविक चित्रे साध्या संगणकावर, लहान त्रिमितीय पडद्यावर आणि ‘केव्ह’मध्ये दाखवून तुलना केली, तेव्हा ‘केव्ह’चे पारडे जड ठरले. २०१२ मध्ये बिरेश्वर लाहा, डग बोमन आणि सहकाऱ्यांनी उंदराचा पाय आणि जीवाश्म यांच्या सूक्ष्म सीटी डेटावर प्रयोग केले. माणूस डेटाने जितका अधिक वेढला जातो तितकी अनेक प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे सुधारतात, असे त्यांना दिसले. यावरून व्हीआर प्रत्येक कामात सरस आहे असा अर्थ काढणे चूक ठरेल. एका कापावरचा ठिपका किती मिलिमीटरचा आहे हे मोजायला चांगला सपाट पडदाच योग्य. जिथे प्रश्न गुंतलेल्या आकारांचा असतो, कोण कुणाच्या मागून जाते, काय कशाला चिकटले आहे, पोकळी कुठे उघडते असे विचारायचे असते, तिथे शरीराने फिरून पाहण्याचा फायदा सिद्ध झालेला आहे.

पहिला आक्षेप अनुभवी डॉक्टरांकडून येतो आणि तो रास्त आहे. निष्णात रेडिओलॉजिस्ट कापांची चळत काही मिनिटांत वाचतो. त्याला हेडसेट कशाला हवा? हे खरेच आहे, कारण यकृत, फुप्फुस, मणका यांची रचना त्याला पाठ असते. काप पाहताना तो ज्ञात नकाशाशी तुलना करत असतो आणि बिघाड तेवढा वेचून काढतो. जिथे असा नकाशा मदतीला येत नाही तिथे हा युक्तिवाद लागू पडत नाही. मेंदूच्या ऊतीत पेशींच्या फांद्यांची गर्दी कशी असेल याचा पाठ असलेला नकाशा कुणाकडेच नाही. वैद्यकातही असे प्रसंग येतात. जून २०२२ मध्ये रिओ दि जानेरोत डोके जोडलेल्या जुळ्या मुलांना वेगळे करण्यात आले. त्यांच्या मेंदूंतल्या रक्तवाहिन्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या आणि अशी गुंतागुंत दोन रुग्णांत सारखी नसते. काश्मीरमध्ये जन्मलेले लंडनचे शल्यविशारद नूर उल ओवेस जीलानी आणि ब्राझीलचे गॅब्रिएल मुफारेज यांच्या पथकांनी सीटी आणि एमआरआय चित्रांवरून तयार केलेल्या प्रतिकृतीवर, दोन देशांत असूनही एकाच आभासी खोलीत उभे राहून, शस्त्रक्रियेची तालीम केली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली ती त्या पथकांच्या कौशल्याने, पण चाकू लावण्याआधी कोणती वाहिनी कुठून कुठे जाते हे सर्वांनी एकाच जागी उभे राहून पाहिले होते, याचे मोल कमी नाही. कलेतही हेच दिसते. एज्युकेशन सिटीच्या परिसरात सिद्रा मेडिसिन रुग्णालयासमोर डेमियन हर्स्ट यांची गर्भाच्या वाढीचे टप्पे दाखवणारी १४ प्रचंड कांस्यशिल्पे आहेत. गर्भधारणेची सूक्ष्म अवस्था माणसाहून उंच झाली की पाहणारा तिच्याभोवती फिरतो आणि चित्रात जे ओझरते राहिले असते ते त्याला उमगते. आकार शरीराच्या मापाला आणला की समज वाढते, हे कलावंताला माहीत आहे. विज्ञानानेही ते मान्य करायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप याहून खोलवर जातो. व्हीआर खोटेही पटवून देऊ शकते. हेडसेटमध्ये दिसणारी रंगीत, तुळतुळीत पेशी यंत्राने थेट टिपलेली नसते. आधी करड्या कापांवर पेशींच्या सीमा ओळखाव्या लागतात. इलास्टिकसारखी सॉफ्टवेअर हे काम अर्धस्वयंचलितपणे करतात आणि त्यात चुका होतात. एखादे पटल नीट उठून दिसले नाही तर दोन पेशी एक होतात. एखादा काप खराब निघाला तर एकाच पेशीचे दोन तुकडे पडतात. शिवाय पेटाबाइटचा डेटा हेडसेट पेलू शकत नाही, म्हणून पाहणाऱ्यापुढे त्याचे गाळलेले रूप येते. करडा, धूसर काप निदान आपली शंका लपवत नाही. चकाकणारी प्रतिकृती मात्र ती झाकून टाकते, आणि आपण तिच्या आत उभे असल्यामुळे ती खरी वाटते. हा धोका मला आजच्या सर्व अडचणींमध्ये सर्वांत गंभीर वाटतो. दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी दृष्टीवरच्या आपल्या सात भागांच्या ग्रंथात प्रकाश डोळ्यात येतो हे प्रयोगांनी दाखवले आणि त्याबरोबर एक सावध विचारही मांडला: पाहण्यात मन निष्कर्ष काढत असते, म्हणून डोळे फसू शकतात आणि त्यांची परीक्षा घ्यावी लागते. हजार वर्षांपूर्वीची ती शिस्त हेडसेटलाही लागू आहे. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीच्या मागचा मूळ काप एका हालचालीत समोर आणता आला पाहिजे, सीमा कुठे निश्चित आहे आणि कुठे अंदाजाने काढली आहे हे दिसले पाहिजे, आणि आभासी खोलीत सुचलेला एकही निष्कर्ष मोजमापाशिवाय प्रसिद्ध होता कामा नये. हे नियम पाळले तर आक्षेपाचे समाधान होते. पाळले नाहीत तर आक्षेपच खरा ठरेल.

हा सावधपणा किती गरजेचा आहे ते महाराष्ट्रातल्या एका थोर उपकरणाच्या डेटावरून कळते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या आहेत. अशा दुर्बिणीने दीर्घिकेतल्या हायड्रोजनचे निरीक्षण केले की हाती येतो तो डेटाचा घन. त्याच्या दोन बाजू आकाशातली जागा सांगतात, पण तिसरी बाजू लहरींची वारंवारता, म्हणजे वायूचा आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग सांगते. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी इटलीतल्या सहकाऱ्यांबरोबर ‘आयडेव्ही’ नावाचे मुक्तस्रोत साधन तयार केले आहे. त्यात मीरकॅट या ६४ तबकड्यांच्या दुर्बिणीचे असे घन हेडसेट लावून आतून पाहता येतात. गोंगाटात दडलेला क्षीण वायूचा पट्टा किंवा दोन दीर्घिकांमधला विरळ दुवा डोळ्यांना असा लवकर सापडतो. पण पाहणाऱ्याला तिसऱ्या बाजूने जी खोली जाणवते ती अंतराची नसते. घनात दिसणारी वळलेली फीत म्हणजे फिरणाऱ्या चकतीचा वेग. तिला दीर्घिकेचा आकार समजणारा विद्यार्थी पहिल्याच पावलाला चुकेल. साधन चांगले आहे, पण ते चालवणाऱ्याला अक्षांचा अर्थ माहीत हवा. खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. ती अशा रीतीने पाहायला शिकवण्याचे काम पुण्यातल्या संस्थांना आणि महाविद्यालयांना सहज हाती घेता येईल.

तिसरा आक्षेप काळाला धरून आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता चित्रांतल्या पेशी ओळखते, गाठी शोधते, दीर्घिका मोजते. मग माणसाने आत शिरून पाहायचे कशाला? फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा या प्रश्नाचे चांगले उत्तर देतो. फ्लायवायर या प्रकल्पाने १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक चेतासंधींचा हा नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. पेशींचा पहिला कच्चा आराखडा यंत्रानेच काढला. इतका डेटा माणसाच्या हाताने कापाकापाने रंगवणे शक्यच नव्हते. पण तो आराखडा जसाच्या तसा वापरता येत नव्हता. जगभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि हौशी स्वयंसेवकांनी तुटलेल्या फांद्या जोडून आणि चुकून चिकटलेल्या पेशी सोडवून तो सुधारला तेव्हा तो विश्वासार्ह झाला. यंत्राला जे ओळखायला शिकवले तेवढेच ते ओळखते. शिकवणाऱ्याच्या मनात नसलेले काही तिथे आहे का, हा प्रश्न ते आपणहून विचारत नाही. ग्लायकोजेनचे कण यंत्राने निर्दोष मोजले असते, तरी ते गोळा होतात की विखुरतात हे मोजायला कुणीतरी सांगावे लागलेच असते. म्हणून यंत्राचे काम वाढेल तशी माणसाच्या नजरेची गरज कमी होत नाही, तिची जागा बदलते. एकेक काप रंगवण्यातून ती सुटते आणि यंत्राने रचलेल्या आकारात संशय घेण्यासारखे काय आहे हे शोधण्याकडे वळते. त्या शोधासाठी आकाराच्या आत शिरता येणे हे सध्या माणसाच्या हाती असलेले सर्वांत थेट साधन आहे.

खर्चाचा आणि सोयीचा आक्षेप उरतो. तीस वर्षांपूर्वी ‘केव्ह’ बांधणे श्रीमंत विद्यापीठाला किंवा तेल कंपनीलाच परवडे. आज चांगला हेडसेट बऱ्या लॅपटॉपच्या किमतीत येतो आणि ब्लेंडर, इलास्टिक, आयडेव्ही यांसारखी साधने विनामूल्य मिळतात. फळमाशीच्या मेंदूचा आणि मानवी बाह्यकाच्या तुकड्याचा डेटाही जगासाठी खुला आहे. म्हणजे अल मन्सूरातल्या भाड्याच्या घरात वाढणारा मराठी विद्यार्थी आणि जुन्नरच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी, दोघांनाही हार्वर्डच्या संशोधकापुढे आहे तोच डेटा पाहण्याचा मार्ग मोकळा आहे. काही मर्यादा मात्र मान्य कराव्या लागतील. काहींना हेडसेट लावून मळमळते, काहींना दोन डोळ्यांची खोली नीट उमटतच नाही, तासन्‌तास ते वजन डोक्यावर पेलणे कुणालाच सोपे नाही. म्हणून व्हीआरवर केलेले निरीक्षण सपाट पडद्यावरही पडताळता येईल अशीच रचना हवी; ज्याला हेडसेट जमत नाही तो संशोधक त्यामुळे मागे पडता कामा नये. रुग्णांच्या चित्रांबाबत आणखी काळजी हवी. डोक्याच्या स्कॅनवरून चेहरा पुन्हा घडवता येतो, तेव्हा नाव पुसले म्हणजे ओळख पुसली असे होत नाही. शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी खुली केलेली वैद्यकीय चित्रे ही ओळख काढून टाकूनच द्यायला हवीत, आणि रुग्णाची संमती हा त्यातला पहिला टप्पा असायला हवा.

या सगळ्याचा निष्कर्ष मी एवढाच काढतो की व्हीआरला विज्ञानात जागा मिळाली पाहिजे, पण ती त्याच्या नेमक्या कामापुरती. मोठ्या पडद्यावर रंगीबेरंगी मेंदू फिरवून दाखवणे हे त्याचे काम नव्हे. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना हेडसेट लावून खूश करण्यासाठी विकत घेतलेले उपकरण वर्षभरात कपाटात जाते, आणि मग ते उपकरणच निरुपयोगी होते असा चुकीचा समज पसरतो. ते टाळायचे तर हेडसेट सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी ठेवला पाहिजे, त्याच्यासाठी नियमित वेळापत्रक हवे, चालवायला शिकवणारा माणूस हवा आणि प्रत्येक सत्रानंतर काय दिसले, ते कसे मोजणार आणि कोणत्या मोजमापाने ते खोटे ठरेल हे लिहून ठेवण्याची सवय हवी. आपल्याकडे उत्तम चित्रे काढणारी यंत्रे आहेत, उत्तम गणिती आहेत आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची तर कमतरताच नाही. कमी आहे ती या तिघांनी एका टेबलाशी बसून एकच डेटा पाहण्याची. पेशी ओळखणारा जीवशास्त्रज्ञ, आकार मोजणारा गणिती आणि आभासी खोली बांधणारा अभियंता यांनी आखातात एकत्र काम केले म्हणूनच साखरेच्या कणांचे ते समूह नजरेला पडले आणि मोजलेही गेले. तशी सोबत घडवायला मोठे अनुदान लागत नाही. एका विद्यापीठात दोन विभागांनी आठवड्यातला एक ठरलेला दिवस एकमेकांना दिला आणि त्या दिवसाच्या कामाला पदवीच्या गुणांत स्थान दिले, तर सुरुवात यंदाच होऊ शकते.